पोरीला आणायला तांबड्या समुद्रात

आमच्या घराण्यातून परदेशी जायला माझी निवड झाली ती हुशारीवर नव्हे. पासपोर्ट एकट्या माझ्याकडे होता. नर्सबाई म्हणून निवृत्त झाल्यावर मैत्रिणींबरोबर श्रीलंकेला जायचं ठरलं होतं. मैत्रिणींना नातवंडं झाली, श्रीलंका राहिली आणि पासपोर्ट कपाटात कोराच पडून होता.

कामगिरी अशी होती. माझी भाची मयुरी इजिप्तमध्ये असते. लोकांना समुद्राच्या तळाशी नेऊन फिरवून आणणं ही तिची नोकरी. तारकर्लीच्या हॉटेलात कामाला म्हणून गेली, तिथे पाण्याखाली जायला शिकली, मग अंदमान, मग एकदम हे. तिचा बाप, म्हणजे माझा थोरला भाऊ, किन्हवलीत कोणी विचारलं तर ‘टुरिझममधी हाय’ एवढंच सांगतो आणि विषय भाताच्या बियाण्यावर नेतो. आता मुरबाडचं एक स्थळ आलं होतं. पोरगी पावसाळ्याआधी घरी येईल, असा शब्द दादानं परस्पर देऊन टाकला होता. पोरगी फोनवर नुसतं ‘बघू’ म्हणत होती.

“तू जा गो कुसुम, नि घेऊनच ये तिला,” दादा म्हणाला. “तुझं ऐकते ती.”

“लहानपणी ऐकायची. तेव्हा मी सुई टोचायचे.”

“चेष्टा नको. त्यांना काय तोंड दाखवू मी?”

वहिनीनं बॅगेत वाल, तांदळाचे पापड आणि सुकट भरली. पोरगी तिकडे उपाशी आहे याबद्दल तिची खात्री होती. किन्हवलीहून शहापूर, तिथून मुंबईचा विमानतळ. या सबंध प्रवासात सुकटीनं आपलं अस्तित्व जीपमधल्या प्रत्येकाला कळवलं.

विमानाच्या प्रवासाचं लोकांना फार कौतुक असतं. मला तो आमच्या जुन्या वॉर्डासारखाच वाटला. दाटीवाटीच्या जागा, अळणी जेवण, आणि नुकता डोळा लागला की उठवून ‘पाणी हवं का’ विचारणारी हसतमुख बाई. मधे आखातात विमान बदलायचं होतं. तो विमानतळ इतका लांबलचक होता, की पुढच्या विमानापर्यंत मी पायीच इजिप्त गाठते आहे असं वाटू लागलं. पाय सुजून चपलेच्या पट्ट्यांत रुतले होते.

इजिप्तमध्ये हुरगाडाच्या विमानतळावर उतरले. पुढे गाडीनं दक्षिणेला. ड्रायव्हरनं आधी पाकासारखा गोड चहा पाजला, मग “हिंद?” विचारलं आणि आपल्या एका नटाचं नाव घेतलं. माझी त्या नटाशी ओळख नाही हे कळल्यावर बिचाऱ्यानं रेडिओ लावला. एका बाजूला समुद्र, दुसऱ्या बाजूला डोंगर. समुद्राचं नाव तांबडा आणि रंग निळाशार. तांबडे होते ते डोंगर. पाट्या लावणाऱ्यानं घाईत अदलाबदल केली असावी. आमच्याकडचे डोंगर भर उन्हाळ्यातही लाजेपुरतं काहीतरी नेसतात. इथल्यांना तीही भीड नव्हती.

मयुरी रस्त्यावरच उभी होती. पोरगी सावळी पडली असेल, अशी भीती वहिनीनं बोलून दाखवली होती. वहिनी फार आशावादी आहे. पोरगी तव्यासारखी काळीभोर झाली होती, केस मानेवर कापलेले, आणि मिठी अशी मारली की माझी बरगडी बोलली.

सकाळी न्याहारीला ‘फूल’ आलं (आपल्या वालाच्या जातीचं मोठं कडधान्य, शिजवून घोटलेलं, वर तेल आणि लिंबू). म्हणजे मी दोन विमानांनी वालाच्या देशात वाल घेऊन आले होते. चव वाईट नव्हती. फक्त बिरडं करायचं कोणीतरी अर्ध्यावर सोडून दिलं होतं.

मी लगेच मुरबाडचा विषय काढला. मुलगा चांगला, नोकरी चांगली, घर रस्त्याला लागून.

“आत्या, आधी खाली चल,” मयुरी म्हणाली. “मग बोलू.”

“कुठं खाली?”

तिनं समुद्राकडे बोट दाखवलं. मी डॉक्टर गाठून नाही म्हणवून घ्यायचा प्रयत्न केला. तिथल्या डॉक्टरनं छाती, कान, रक्तदाब तपासला आणि माझ्या दुर्दैवानं सगळं ठणठणीत निघालं.

मग तो रबरी पोशाख. भरल्या वांग्यात मसाला भरतात हे ठाऊक होतं, इथे वांगंच मसाल्याच्या पुडीत भरायचं होतं. मयुरीनं आणि तिच्याबरोबर काम करणाऱ्या एका पोरीनं ओढून मला आत घातलं. पाठीवर हवेची टाकी, कमरेला बुडण्यापुरतं शिसं, डोळ्यांवर नाकासकट झाकणारा चष्मा, तोंडात नळी. “यल्ला!” (चला!) असं म्हणून मयुरीनं मला पाण्यात नेलं.

पाण्याखाली बोलता येत नाही. हाताच्या खुणा करायच्या. दोन हात खाली गेल्यावर बरं वाटलं म्हणून मी अंगठा वर केला. मयुरीनं मला ताबडतोब वर आणलं.

“काय झालं?”

“काही नाय. मस्त हाय म्हटलं.”

“अंगठा म्हणजे वर ने! मस्त असेल तर बोटांचं गोल कर. सांगितलं नव्हतं?”

सांगितलं होतं. मी तेव्हा मुरबाडच्या मुलाचा पगार सांगत होते.

दुसऱ्या खेपेला खोल गेलो. आणि माझ्या चष्म्यात पाणी शिरलं. नाकात खारट झोंबलं, डोळे मिटले, आणि इतक्या वर्षांत पहिल्यांदा मला वाटलं की मी मरणार. चेष्टा नाही. मी पाय झाडून वर उसळले. वर पोचलेच नाही. मयुरीनं माझे पट्टे दोन्ही मुठींत धरले होते. मी तिला ढकललं, चक्क लाथ मारली. तिनं सोडलं नाही. एकदम वर गेलं तर छाती फाटते, हे तिला ठाऊक होतं. मला त्या क्षणी फक्त वर उजेड आहे एवढंच ठाऊक होतं. तिनं माझा हात घेऊन चष्म्यावर दाबला, नाकातून हवा सोडायची खूण केली. पाणी निघालं. डोळे उघडले तर समोर तिचे डोळे. ती तळहात सावकाश पुढे नेत होती, सावकाश मागे घेत होती. घे. सोड. घे. सोड.

अडलेल्या बायांपुढे मी जन्मभर हेच केलं. घाबरलेली बाई नखं रुतवते, शिव्या घालते. आपण हलायचं नाही. हे काम मी ओळखत होते. पोरगी माझ्यापेक्षा शांत होती.

मी बोटांचं गोल केलं.

तळाशी वाळूत गवत होतं आणि एक प्रचंड कासव ते चरत होतं. माळावर म्हैस चरते तसं, मान न उचलता. लोक यासाठी जगभरातून येतात म्हणे. मीही हलले नाही. बाजूला मयुरी गुडघे टेकून बसली होती. तिला रोज दिसणारं ते जनावर ती पहिल्यांदा पाहिल्यासारखी बघत होती.

संध्याकाळी तिनं सुकट भाजली. शेजारच्या खोलीतल्यांनी खिडक्या लावून घेतल्या.

“मी गावाला येणार नाय असं नाय,” ती म्हणाली. “दिवाळीला येते. पण लग्नासाठी हे सोडून नाय. त्या मुलाला भेटायचं असंल तर त्यानं यावं. पाण्यात बघते त्याला.”

“तुझ्या बापाला काय सांगू?”

“त्यांनी कधी इचारलंय का, मी काय काम करते?”

मीही आल्यापासून पगारच सांगितला होता, तो दुसऱ्याचा.

प्रवासानं माणसाची दृष्टी विशाल होते असं म्हणतात. माझं वजन कमी झालं आणि कानात पाणी राहिलं, एवढं नक्की. किन्हवलीत मी एकटीच जीपमधून उतरले तेव्हा दादा पडवीतून उठलासुद्धा नाही.

“मुरबाडला काय कळवू?”

“कळवा, पोरगी मुलगा बघायला तयार हाय. मुलाला पाठवा तिकडं.”

वहिनी तोंडाला पदर लावून हसली. रात्री जेवायला बसलो. मी आपली वहिनीला सगळं सांगत होते: लाथ मारली ते, पोरीनं सोडलं नाही ते, घे-सोड, कासव. दादा ताटावरून उठला नाही, हात वाळला तरी.

मुरबाडकरांनी दुसऱ्या दिवशी फोनवर नकार दिला. फार सभ्यपणे, मुलाला सर्दीचा त्रास आहे म्हणाले.

दादा चहा घेऊन माझ्याजवळ येऊन बसला.

“गो कुसुम,” तो म्हणाला, “पासपोर्टाचा फोटो हितं किन्हवलीत निघतो, का शहापूरला जावं लागंल?”