टँकरचा वेग

एप्रिलच्या शेवटच्या आठवड्यात, सकाळी साडेसातला, गारखेड्यात आमच्या घरासमोरच्या रस्त्यावर पाण्याच्या टँकरचा धक्का लागून माझी आई पडली. मनगट मोडलं. रस्त्याच्या पलीकडे तिची धाकटी बहीण राहते. रोज सकाळी तिच्याकडे जायचं, हा आईचा शिरस्ता. तो त्या दिवसापासून बंद झाला.

गल्लीने गतिरोधकासाठी अर्ज दिला. मजकूर शेजारच्या निवृत्त मुख्याध्यापकांनी लिहिला, सह्या मी गोळा केल्या. पहिल्या कार्यालयाने रस्ता आपल्याकडे नसल्याचं सांगितलं. दुसऱ्याने पोलिसांचा अभिप्राय मागितला. पोलिसांनी पहिल्या कार्यालयाचं पत्र मागितलं. मे महिना यातच गेला.

शेवटी त्या टँकरवाल्यालाच गल्लीच्या बैठकीला बोलावलं. तो आला, खुर्ची नाकारून उभाच राहिला.

"सायब, नळाला आठ-आठ दिस पानी नाय. म्या हळू आलो की तुमीच फोनावर फोन करता. कुठं आलास, किती येळ, टाकी कोरडी पडली."

"आमच्यापैकी कोणी केला?" मुख्याध्यापकांनी विचारलं.

"तुमीच की, सर. आज दोनदा."

त्याने मोबाइल पुढे धरला. यादीत सर्वांचे नंबर होते. माझाही होता.

"सर, हातानं अर्ज लिहिता अन् तोंडानं टँकर पळवता व्हय?" मागून एक काकू म्हणाल्या. लोक हसले. मुख्याध्यापक हसले नाहीत.

ठराव झाला: टँकर निघाल्यावर त्याला कोणीही फोन करायचा नाही. तीन दिवस टँकर सावकाश आला. चौथ्या दिवशी एका घरी साखरपुडा होता, त्यांनी फोन केला. पाचव्या दिवशी आमची टाकी रिकामी होती. आईचा हात प्लास्टरमध्ये, अंघोळीचं पाणी तापवायचं होतं. मी फोन केला. टँकर वीस मिनिटांत आला. येताना वळणावर त्याने वेग कमी केला नाही, हे मी गच्चीवरून पाहिलं.

जूनमध्ये रस्त्यावर पांढरे पट्टे मारले गेले. उंचवटा नाही, नुसता रंग. चौकशी केली तेव्हा काम पूर्ण झाल्याची नोंद दाखवण्यात आली. आम्ही दुसरा अर्ज दिला. त्याची पोच मिळाली आहे, उत्तर आलेलं नाही.

आईचं प्लास्टर निघालं. ती फाटकापर्यंत येते. रस्ता आता मावशी ओलांडते.