सुई देल्ली

पार्बताबाईच्या वस्तीवरून निघून तास झाला होता. खुर्शीदबी झपाझप पुढं चालली होती. रागिणी मनात नाम घेत तिच्यामागून हिवरखेडच्या वाटेनं चालत होती. दोन्हीकडची कपाशी लाल्या रोगानं तांबडी पडलेली.

खुर्शीदबी पिंजाऱ्याची बायको. नवरा होता तोवर गाद्या टाचायची. तो वारल्यावर अकोल्याला जाऊन ॲक्युपंक्चर शिकली. ‘गादी टाचनारी आता मानसं टाचते,’ म्हणून गाव हसलं. मग कापसाच्या वेचणीनं खांदे भरून आलेल्या त्याच गावच्या बाया तिच्या ओट्यावर रांगेनं बसू लागल्या. पंधरा वर्षांत तिनं औषधाचा थेंब कुणाच्या अंगात घातला नाही. नुसत्या केसासारख्या बारीक, कोऱ्या सुया. अकोल्याच्या ॲक्युपंक्चर संघटनेच्या यादीत तिचं नाव होतं. ते गेलं की ओटा बंद.

आणि ते जायच्या बेतात होतं. संघटनेच्या शिबिरात अध्यक्ष सरांनी पार्बताबाईचा सुजलेला हात पाहून विचारलं, तर ती म्हणाली, “खुर्शीदबीनं सुई देल्ली.” वऱ्हाडात इंजेक्शनलाही सुईच म्हणतात. सरांनी लिहून घेतलं, परवानगी नसताना इंजेक्शन दिलं. रविवारच्या सभेत निकाल होता.

संघटनेची चिटणीस म्हणून रागिणी पार्बताबाईचा खुलासा लिहून घ्यायला आली होती. पार्बताबाईनं तोंडानं सगळं सांगितलं. “पिचकारी नोती वं माय, बिनदवाईची बारीक सुई. हात त काटा मोडून सुजला.” पण कागद पुढं केला तशी तिनं हात पदरात लपवला. “मांगं पंचनाम्यावाल्यायनं कोऱ्या कागदावर अंगठा घेतला, न आमचं जळलेलं वावर पिकलं म्हनून लिवलं. आता मी कोनाले अंगठा देत नाई.”

रागिणीला राहवलं नाही. “आपा, मीच लिवून टाकतो तिच्या नावानं. कोन पायते?”

खुर्शीदबी थांबली. “आन अंगठा? तुयाच? तौबा! सकाय-संध्याकाय दिवा लावतं, तुया देवाले चालते का वं हे?”

रागिणीनं मान खाली घातली. आठ वर्षं ती सभेत अशीच मान खाली घालून इतिवृत्त लिहीत आली होती. ज्या सरांनी तिला ही विद्या शिकवली, त्यांच्यासमोर आजवर तोंड उघडलं नव्हतं. खुर्शीदबीला ते ठाऊक होतं.

“मंग रविवारी एक करजो,” खुर्शीदबी हळूच म्हणाली. “वही घरी ठेवजो. सरासमोर उभी राहजो, न पार्बता जे बोलली ते तुया तोंडानं सांगजो. सांगशीन ना बाई?”