भट्टी मॅडम आणि जवळचा ग्रह

गुजराती मुलखातल्या आमच्या डिंडोलीत सासूबाईंना कुणी नावाने ओळखत नसे. मराठी शाळेत त्यांनी सगळी नोकरी विज्ञान शिकवण्यात घालवली. तिथल्या पोरांनी ठेवलेलं ‘भट्टी मॅडम’ हे नाव त्यांच्या निवृत्तीनंतर आमच्या सोसायटीनेही उचललं. त्या जिना उतरू लागल्या की खाली खुर्चीत पेंगणारा वॉचमन उगाचच झाडू हातात घ्यायचा. नाव त्यांच्या कानावर होतं, पण त्याचा राग नव्हता. “म्हणू देत की,” त्या म्हणायच्या. “थंड माणसाला कोण विचारतं?”

माझं लग्न ठरलं तेव्हा मी नुकतीच हजीऱ्याच्या एका कारखान्यात केमिस्ट म्हणून लागले होते. अकोल्याच्या माझ्या आत्याने कुठून कुठून चौकशी केली आणि फोनवर बजावलं, “पोरी, दोन खोल्यांचं घर अन् त्यात ती बाई. इतक्या जवळ राहिलीस तं करपून जाशील.” मी हसण्यावारी नेलं खरं, पण झोप उडाली. माझं शिक्षण, माझी नोकरी, माझा हट्टी स्वभाव, यातलं त्या घरात काय शिल्लक राहील, हा प्रश्न मला खरोखरच पडला होता.

लग्नानंतरच्या पहिल्याच आठवड्यात सासूबाईंनी ओट्याशी उभं राहून सरळ विचारलं, “मेघा, तुला माझी भीती वाटते ना?”

खोटं बोलायचं सुचलंच नाही. “हो, आई.”

“छान. म्हणजे डोकं जागेवर आहे.” आणि त्यांनी कढई खाली घेतली, तिच्यात एक हरभरा टाकला आणि कढई दोन्ही हातांनी गरागरा फिरवली. हरभरा कडेने पळू लागला. कढई थांबली तसा तो मंदावला आणि तळाशी येऊन बसला. “बघितलंस? पळत होता तोवर पडला नाही. आकाशात असे ग्रह आहेत, गुरूएवढे धिप्पाड आणि ताऱ्याला अगदी चिकटून. चार दिवसांत त्यांचं वर्ष संपतं. आधी शास्त्रज्ञांनाही पटेना. एवढ्या जवळ असून ते ताऱ्यात पडत का नाहीत?”

“वेगामुळे,” मी म्हटलं. मीही विज्ञान शिकलेली होते.

“पडतातच. सारखे ताऱ्याकडेच पडत असतात. पण बाजूला इतक्या जोरात पळतात की ते पडणं कधी पुरं होत नाही. जितकं जवळ, तितकी ओढ जास्त, तितकंच जोरात पळायचं. आणि इथे कढई घासते म्हणून हरभरा थांबला. तिथे घासायलाच काही नाही.” मग कढई धुवायला माझ्या हातात देत त्या म्हणाल्या, “जवळ राहायचंय ना? मग रेंगाळू नकोस.”

हे ग्रह म्हणजे त्यांचं वेड होतं. मोबाइलवर काही नवीन बघितलं की ते दाराशी येणाऱ्या प्रत्येकाला ऐकावं लागे. भाजीवाल्या बेनला त्यांनी एकदा गुजरातीत तो चार दिवसांच्या वर्षाचा ग्रह समजावला. तिने पोत्यावरून नजर न काढता हिशेब केला, “तो तो बेन, दर चार दहाडे दिवाळी!” सासूबाईंना हे इतकं आवडलं की त्या दिवशी त्यांनी कोथिंबीर फुकट मागितली नाही.

मी पळायला शिकले. पहाटे तिघांचा स्वयंपाक, मग कंपनीची बस, संध्याकाळी परत आल्या आल्या कणीक. सुरुवातीला आमचे खटके उडायचे. कधी दोन दिवस अबोला, तर कधी डोक्याला डोकं लावून वरणाला फोडणी कशी द्यायची यावर वाद. त्यांचं खानदेशी तिखट आणि माझं वऱ्हाडी तिखट एकमेकांपुढे हटत नसे. मग हळूहळू अबोलेही संपले आणि वादही. सासूबाई म्हणायच्या, “जवळचे ग्रह आधी लांबट वाटेने फिरतात. ओढ खाऊन खाऊन त्यांची वाट गोल होते.” सोसायटीच्या बायकांना त्या ऐटीत सांगायच्या, “माझी सून पडणाऱ्यातली नाही.” मला त्याचा अभिमान वाटायचा. आत्याला मी फोनवर दोनदा ऐकवलंसुद्धा.

अशी काही वर्षं गेली आणि कारखान्यात मला प्रयोगशाळेची प्रमुख व्हायला विचारलं. तिन्ही पाळ्यांना जावं लागणार होतं, म्हणजे डिंडोलीहून जमणारं नव्हतं. शहराच्या दुसऱ्या टोकाला, हजीऱ्याच्या बाजूला घर घ्यावं लागलं असतं. मी नाही म्हणून मोकळी झाले आणि रात्रीच्या जेवणात सहज तसं सांगितलं. प्रशांतने, म्हणजे माझ्या नवऱ्याने, मान डोलावली. सासूबाईंचा घास हातातच राहिला.

“नाही का म्हणालीस?”

“तुमचं जेवण, तुमचं औषध. घर असं सोडून कसं जायचं?”

त्यांनी ताट बाजूला सारलं आणि उठून हात धुतले.

रविवारी त्या मला रिक्षाने तापीच्या काठावर घेऊन गेल्या. भरतीची वेळ होती आणि पाणी समुद्राकडून उलटं वर चढत होतं. “ही आपली भुसावळची तापी,” त्या म्हणाल्या. “तिथे शहाण्यासारखी वाहते. इथे चंद्र ओढतो, तर उलटी फिरते. आणि चंद्राची आपल्याला एकच बाजू का दिसते?”

“पृथ्वीच्या ओढीने त्याचं गरगरणं मंदावलं म्हणून.”

“जवळच्या ग्रहांचंही तेच. मी तुला त्या दिवशी अर्धंच सांगितलं होतं.” त्या पाण्याकडे बघत बोलत होत्या. “तो पडत नाही, टिकतो. कोट्यवधी वर्षं टिकतो. पण ताऱ्याची ओढ त्याला कणकेसारखी मळत राहते. मळता मळता त्याचं स्वतःचं गरगरणं संपतं आणि तो ताऱ्याकडे एकच तोंड करून फिरत राहतो. त्या बाजूला कायमचं ऊन. दुसऱ्या बाजूला कधी उजाडतच नाही.”

मग त्या माझ्याकडे वळल्या.

“तू माझ्याकडे तोंड करून जगतेस, मेघा. मी काय खाईन, मी काय म्हणेन. पूर्वी भांडायचीस, तेही सोडलंस. मला वाटलं, घर स्थिर झालं. पण तुझी दुसरी बाजू मी कधी बघितलीच नाही, आणि आता तर तूही बघत नाहीस.” मग नेहमीच्या आवाजात हुकूम आला, “उद्या त्यांना हो म्हणून सांग. घर बघा आणि निघा.”

“आणि तुम्ही?”

माझा चेहरा बघून त्या एकदम अहिराणीवर आल्या. ती त्या फक्त फार जवळच्या माणसाशी बोलत. “मी से ना आठे. माले काय व्हनार से?”

‘मी आहे ना इथे’ हे त्यांच्या तोंडून ऐकून मला रडू आलं. करपायचं भय घेऊन मी त्या घरात आले होते आणि आता तिथून पाय निघत नव्हता. पण त्यांचं म्हणणं खरं होतं, हे मला तिथेच, त्या काठावर कळलं होतं. सोमवारी मी होकार दिला. टेम्पो त्यांनीच ठरवला, आणि सामान चढवताना टेम्पोवाल्याला इतकं झापलं की त्याने एक कपसुद्धा फुटू दिला नाही.

त्यानंतर महिन्यातून एकदा त्या आमच्याकडे यायच्या आणि पाहुण्यासारख्या बाहेरच्या खोलीत बसायच्या. मी कारखान्यातल्या गोष्टी सांगायचे, तावातावाने भांडायचेही. त्यांना ते भांडण जेवणापेक्षा जास्त आवडायचं. मागच्या वर्षी उन्हाळ्यात त्या गेल्या. दोन दिवसांचा ताप आणि संपलं.

डिंडोलीत मुलगा-सून वेगळे निघाले की बोल सुनेलाच लागतो. इतक्या वर्षांत मला मात्र एक शब्दही कुणी बोललं नव्हतं. मी मनाशी म्हणायचे, लोक चांगले आहेत. दहाव्याला शेजारच्या काकू माझ्याजवळ येऊन बसल्या. मी रडत होते. त्यांनी माझ्या पाठीवर हात ठेवला आणि हळूच म्हणाल्या, “किती गं तुझं मन मोठं. तुम्ही गेलात त्याच दिवशी भट्टी मॅडम प्रत्येक दारात जाऊन सांगून आल्या होत्या, ‘मला नको होती, मीच काढलं तिला.’ घराबाहेर काढणाऱ्या सासूसाठी कोण एवढं रडतं?”

मी पदराने तोंड पुसलं. “हो काकू,” मी म्हटलं, “त्यांनीच काढलं मला.”