बरी झाले, तरी पॉझिटिव्ह

गेल्या वर्षी उजव्या डोळ्याच्या मोतीबिंदूच्या ऑपरेशनआधी रक्त तपासलं आणि हेपॅटायटिस सी, म्हणजे काविळीचाच एक प्रकार, निघाला. मला ना ताप, ना पोटदुखी. डॉक्टर म्हणाले, विषाणू यकृतात वर्षानुवर्षं मुक्काम ठोकून असणार. शिरड शहापूरच्या जावेला एवढंच कळलं की मला कावीळ झालीय. ती एसटीनं आली, माझे डोळे फाकवून पाहिले आणि म्हणाली, "पिवळं तर काहीच न्हाई. मग कायची कावीळ ही?" तरीही तिनं माझं तेल-हळद बंद केलं आणि उसाचा रस पाजून पाजून जीव नकोसा केला. सरकारी दवाखान्यातल्या गोळ्या तीन महिने घेतल्या. नंतर पुन्हा रक्त तपासलं, तर विषाणू गेलेला. त्या दिवशी मी जावेलाच भजी तळायला लावली.

यंदा लेक बाळंतपणाला कळमनुरीला माझ्याकडे आली. नातवाला मीच न्हाऊ घालायची. तेवढ्यात डाव्या डोळ्याची पाळी आली, रक्त दिलं, आणि रिपोर्ट पुन्हा पॉझिटिव्ह! मी लेकराला हात लावणं सोडलं. लेकीनं विचारलं की कंबर दुखतेय म्हणून वेळ मारून न्यायची.

शेवटी तिनं रिपोर्ट पाहिला आणि मला डॉक्टरांकडे नेलं. त्यांनी आणखी एक तपासणी करून घेतली. म्हणाले, "पॉझिटिव्ह आलीय ती आजार होऊन गेल्याची खूण. ती जन्मभर राहील. विषाणू आता नाही. आणि लेकरू घेतल्यानं हा आजार तसाही लागत नाही."

"गेला, तर खूण कशाला ठेवून गेला?" मी चिडले. ते हसले, मला हसू येईना. एक कागद बरी म्हणतो, दुसरा नाही म्हणतो, खरं कुणाचं धरायचं?

मग त्यांनी विचारलं, पूर्वी कधी रक्त चढवलं होतं का? मी बोलून गेले, "ही जन्मली तेव्हा. नांदेडला, दोन बाटल्या."

"तिथूनच आला असेल," ते म्हणाले.

घरी न्हाणीत पाणी तापलं, तरी मी तिकडे फिरकले नाही. लेकराला छातीशी धरून लेक उभी राहिली.

"आई, म्हंजे माझ्यामुळं झालं का हे?"

माझं डोकंच फिरलं. "काहीबाही बोलू नको. आण इकडं ते लेकरू!"

पाय पसरून बसले. भीती काही गेली नव्हती. त्या दोन तपासण्यांचं कोडं मला आजही उलगडलेलं नाही. पण तेव्हा मी लेकराला घेतलं नसतं, तर तिनं ते आपल्या प्रश्नाचं ‘होय’ समजलं असतं.