विसरणाऱ्या मुलांशेजारी बसणारे बळवंतराव

बळवंतरावांची आणि माझी पहिली भेट ठाण्याच्या मराठी शाळेत झाली. मी नुकताच ट्रेनिंगची परीक्षा पास होऊन तेथे असिस्टंट मास्तर म्हणून रुजू व्हायला आलो होतो. हेडमास्तर म्हणजे करडा माणूस, अशी माझी समजूत होती. म्हणून पगडी, उपरणे सावरून मी वर्गाच्या दारात उभा राहिलो. पाहतो तो खुर्ची रिकामी. हेडमास्तर खाली जमिनीवर, जवळच्या बाळकुम गावच्या एका मिठागरवाल्याच्या मुलाशेजारी मांडी घालून बसले होते. मुलाचे रडणे नुकतेच थांबले असावे. बळवंतराव त्याला विचारीत होते, की पाढा विसरलास तेव्हा तुला आत काय झाले?

मुलगा पाटीकडे पाहत म्हणाला, "घरा मना समदा येतंय. हितं उभा रायलो का छातीन धडधडतं, न् मंग कायच सुचत नाय."

बळवंतरावांनी त्याचा हात हातात घेऊन पाहिला. तळवा गार होता, असे त्यांनी मला पुढे सांगितले. मग ते उठून माझ्याकडे वळले. माझे सर्टिफिकीट त्यांनी पाहिलेच नाही. लहानपणी शाळेत तुम्हाला कशाची भीती वाटे, एवढेच विचारले. मी गडबडलो आणि पंतोजींच्या छडीची, असे खरे ते सांगितले. छडी बसल्यावर वाटे की बसण्याच्या आधी, असे त्यांनी पुन्हा विचारले. मी म्हणालो, आधीच जास्त.

"मग त्या मधल्या वेळात तुम्ही काय शिकलात?" ते म्हणाले.

त्या दिवसापासून मी त्यांचा शिष्य झालो. आज त्यांच्या साठाव्या वर्षी ठाणे व कल्याण येथील त्यांच्या विद्यार्थ्यांनी हे लहानसे पुस्तक छापण्याचे ठरवले, आणि लिहिण्याचे काम माझ्याकडे आले, ते याच नात्याने.

मूल शिकते तेव्हा त्याच्या मनात काय चालते, हा बळवंतरावांचा आयुष्यभराचा शोध. आपल्याकडे मूल चुकले की ते आळशी किंवा मंद, असे दोनच निवाडे होते. बळवंतरावांना दोन्ही पटत नसत. एकच हिशेब ते एका मुलाला वर्गासमोर उभे करून घालीत, आणि काही दिवसांनी तसाच हिशेब खिडकीशी शेजारी बसवून घालीत. एखाद्यावर मास्तर ओरडले, तर त्यानंतर सोपी उत्तरेही तो कशी चुकत जातो, हे ते मागे बसून पाहत. मुले हसत हसत ऐकलेला धडा पुढच्या आठवड्यात किती सांगतात आणि मार खाऊन घोकलेला किती, हेही ते पाहत. भीतीने पाठांतर होते, पण समजूत मागे सरते, असे त्यांच्या ध्यानात आले होते. इतर मास्तर त्यांची थट्टा करीत. हेडमास्तर नाड्या पाहतात, आता काढे द्यायला लागतील, असे बोलले जाई. बळवंतराव ते हसून सोडून देत.

एका वर्षी शाळाखात्याचे डिपुटीसाहेब मुलांची परीक्षा घ्यायला आले. तोच बाळकुमचा मुलगा उभा राहिला आणि त्रैराशिकाच्या पहिल्याच पायरीला थिजला. साहेबांनी त्याच्या नावापुढे नापासाची खूण करण्यासाठी कलम उचलले. तेव्हा बळवंतराव पुढे झाले आणि अत्यंत नम्रपणे म्हणाले, की आपण क्षणभर त्याच्या शेजारी बसून हाच प्रश्न विचारावा. साहेबांना मौज वाटली असावी. ते खरोखरच सतरंजीवर बसले. मुलाने चाचरत का होईना, उत्तर बरोबर दिले. साहेब उठले, धोतर झटकले आणि म्हणाले, "उत्तर आले, हे खरे. पण परीक्षा अशी घेता येत नाही." मुलगा नापासच राहिला. पुढे त्याच्या बापाने त्याला मिठागरात कामाला घातले. बळवंतराव दोनदा बाळकुमला जाऊन आले, पण तो परत शाळेत आला नाही. त्या वर्षीच्या निकालाचा ठपका बळवंतरावांवर आला आणि त्यांची बदली कल्याणला झाली. जाताना त्यांनी तक्रारीचा शब्द काढला नाही. एवढेच म्हणाले, की त्या मुलाला मी अजून थोडा वेळ द्यायला हवा होता.

माझी आई वारली तेव्हा ते कल्याणहून मला भेटायला आले. सुतक फिटल्यावर मी शाळेत जाऊ लागलो होतो, पण फळ्यावर साधी बेरीज चुकत होतो आणि स्वतःवर चिडत होतो. बळवंतरावांनी माझे सांत्वन केले नाही. माझ्या वर्गात मागे बसले आणि मी चुकलो तेव्हा मुलांना म्हणाले, "तुमच्या मास्तरांची आई गेली आहे. तुम्हीच जरा हिशेब सांभाळा." मुलांनी तो सांभाळला. मला त्या दिवशी वर्गात रडू आले आणि त्याची लाज वाटली नाही.

आता जे लिहायचे आहे ते गौरवाच्या पुस्तकात सहसा लिहीत नाहीत.

बळवंतरावांच्या पत्नी फार लवकर निवर्तल्या. एकुलती मुलगी यमू कल्याणला बळवंतरावांच्या वडील बंधूंच्या घरी वाढली; बदलीनंतर बळवंतरावही तेथेच राहू लागले. पोर विलक्षण हुशार. वडिलांच्या मांडीवर बसून ती पाहता पाहता वाचायला शिकली होती. नवव्या वर्षी वडील बंधूंनी तिचे लग्न ठरवले. बळवंतरावांच्या मनात नव्हते, पण घरात वडीलधाऱ्यांपुढे बोलण्याची रीत नव्हती. ते बोलले नाहीत. दोन वर्षांत तिचे यजमान तापाने गेले आणि यमू माहेरी परत आली.

त्या दिवसांत मी रविवारी कल्याणला जात असे. यमू पुस्तक समोर घेऊन बसे आणि एकही अक्षर न चुकता धडा वाचे. बळवंतराव विचारीत, की बाळ, यात काय झाले? ती पुन्हा पहिल्या ओळीपासून वाचू लागे. तिला अर्थ लागत नव्हता. भीतीने थिजलेली मुले बळवंतरावांनी पुष्कळ पाहिली होती. हे निराळे होते. यात जीभ चालत होती आणि मन कोठेच नव्हते. मला स्टेशनावर पोहोचवायला येताना ते म्हणाले, "गणपतराव, लोकांच्या पोरांना काय वाटतं ते मी जन्मभर विचारीत आलो. स्वतःच्या पोरीला बोहल्यावर चढवताना विचारलं नाही."

त्यांनी पुस्तक बाजूला ठेवले. तिला काही विचारायचे नाही असे ठरवले आणि नुसते जवळ बसू लागले. महिने गेले. मग शेजारची एक लहान मुलगी ओटीवर खेळायला येऊ लागली. एके दिवशी यमूने आपण होऊन तिच्या हाताला धरून पाटीवर 'ग' गिरवून घेतला. पुढे त्या मुलीला गोष्टी सांगता सांगता यमूला धड्यांचा अर्थ पुन्हा लागू लागला. जे दुसऱ्याला द्यायचे असते ते माणसाला आधी स्वतःला समजते, असे बळवंतरावांनी मला सांगितले. इतक्या आनंदात मी त्यांना पूर्वी पाहिले नव्हते. जिल्ह्यातील शिक्षकांच्या सभेत हे सारे निबंधरूपाने वाचायचे, असे त्यांनी ठरवले.

यमू मोठी होत होती. तिला सोवळी करण्याचा विषय घरात वारंवार निघे आणि बळवंतराव या वेळी मात्र ठाम नाही म्हणत. पण परीक्षेच्या कामासाठी त्यांना बैलगाडीने मुरबाडकडे जावे लागले. ते परत आले तेव्हा केशवपन उरकले होते. वडील बंधू म्हणाले, की तू असतास तर तुला त्रास झाला असता.

बळवंतराव भांडले नाहीत. यमूला घेऊन त्याच आठवड्यात ते तळ्याजवळ दोन खोल्यांत राहायला गेले. जुन्या घराशेजारच्या त्या मुलीला तिच्या घरच्यांनी सोवळ्या बाईकडे येऊ दिले नाही. यमूने पाटी, पुस्तक सर्व बंद केले. बोलणेही कामापुरते राहिले. सभेतील निबंध बळवंतरावांनी वाचला नाही. मी फार आग्रह केला, तेव्हा ते म्हणाले, "घरातल्यांना पटवता आलं नाही, सभेला काय सांगू?"

तेव्हापासून रोज दुपारी शाळेतून आले की ते बाहेरच्या खोलीत मोठ्याने वाचीत बसतात. यमू आत काम करते. ती ऐकते की नाही, हे त्यांनी कधी पाहिले नाही आणि तिला कधी विचारले नाही. असे वर्षानुवर्षे चालले आहे. यमू आता विशीच्या पुढे आहे.

हे पुस्तक ठरले तेव्हा बळवंतरावांनी प्रथम साफ नकार दिला. विद्यार्थ्यांच्या आग्रहापुढे त्यांचे चालले नाही, पण ते मला म्हणाले, की माझे गुण लिहिणार असाल तर यमूचे जे झाले तेही लिहा. आणि लगेच थांबले. "पण तिला विचारा. तिला न विचारता पुष्कळ झालं."

मी आतल्या दाराशी जाऊन विचारले. ती तांदूळ निवडीत होती. मान वर न करता म्हणाली, "खरं असेल ते लिहा, काका."

मी बाहेरच्या खोलीत परतलो. बळवंतरावांनी चष्मा लावून नेहमीप्रमाणे वाचायला घेतले. दूरच्या समुद्रावर गेलेल्या एका गलबताची हकिगत होती. वादळात शीड फाटले, खलाशी दिशा चुकले, इथवर ते आले. त्यांना अलीकडे दम लागतो. खोकला आला म्हणून त्यांनी पुस्तक मिटले आणि उरलेले उद्या वाचू, असे नेहमीप्रमाणे भिंतीकडे पाहत म्हणाले.

आत सुपाचा आवाज थांबला होता. यमू दारात येऊन उभी राहिली.

"मग ती माणसं परत आली का, बाबा?"

बळवंतरावांनी माझ्याकडे पाहिले नाही. त्यांनी पुस्तक पुन्हा उघडले, पण पान सापडेना. मी पुढे झालो, पण त्यांनी मला खुणेने थांबवले. पान त्यांचे त्यांना सापडले आणि ते पुन्हा वाचू लागले. यमू उंबऱ्यापाशी बसली.

मी मुकाट्याने पायऱ्या उतरलो. आवाज रस्त्यापर्यंत ऐकू येत होता.

गुरुवर्य बळवंतरावांना आम्हां सर्वांच्या वतीने वंदन. मानसन्मानाची त्यांना इच्छा नाही, हे आम्ही जाणतो. परमेश्वराने त्यांच्या डोळ्यांत दृष्टी, छातीत दम आणि पदरी पुष्कळ वर्षे घालावीत. त्या खोलीत आता कोठे वाचायला सुरुवात झाली आहे.