दोन बोटं उजवीकडे

एअर रायफल शिकवणाऱ्याकडे मेडलं कमी आणि किस्से जास्त साठतात. चोपड्यातल्या आमच्या क्लबात तर मेडल एकही नाही, तेव्हा किस्सेच ऐका. क्लब म्हणजे केळी पॅकिंगची एक रिकामी शेड, आणि नेमाने येणारी एकच पोरगी, प्रज्ञा. तिची रायफल तिच्या आजोबांनी घरीच बनवलेली. आबा पाइपच्या कारखान्यात टर्नर होते.

जळगावच्या मॅचला तपासणीवाल्याने रायफल उलटीपालटी करून विचारलं, "कंपनी कोणती?"

आबा म्हणाले, "मी."

या कंपनीचा छर्रा दोन बोटं डावीकडे जायचा. नळीच्या टोकावरची माशी, जिच्यावरून नेम धरतात, तीच वाकडी बसली होती. छर्रा डावीकडे जातो म्हणून आबांनी माशी उजवीकडे सरकवली. छर्रा आणखी डावीकडे! मी म्हटलं, आबा, छर्रा जातो त्याच बाजूला माशी सरकवायची असते. आबांना ते काही पटलं नाही. त्यांनी माशी होती तिथे आणली, वेल्ड करून टाकली आणि नातीला म्हणाले, "बंदूक सरळ शे. तुनाच डोया वाकडा शे."

डोळा आबांचाच अधू होता. मोतीबिंदू पिकला होता, पण ऑपरेशनचं नाव काढलं की ते उठून जायचे.

शेडचे मालक शेठजी, डाळमिलवाले. त्यांनी टार्गेटच्या उजवीकडे दोन बोटांवर टिकली चिकटवली आणि म्हणाले, हिच्यावर नेम धर. दहातले आठ छर्रे मध्यात! शेठजींनी पेढे मागवले. पेढा खाता खाता प्रज्ञाने विचारलं, "मॅचमध्ये टिकली कोण लावणार?"

मग ती टिकलीशिवाय शिकली. आठ महिने रोज, दोन बोटं उजवीकडे. मी ते वेल्ड कापून घ्यायला हवं होतं. आबांना वाईट वाटेल म्हणून गप्प बसलो, आणि त्याची लाज अजून वाटते.

धुळ्याची निवड चाचणी आली. ज्युनिअर गटातलं तिचं शेवटचं वर्ष, ही हुकली की संपलं. त्याच महिन्यात आबांचं ऑपरेशन एकदाचं झालं. काळा चष्मा लावून ते सोबत आले. सरावाचा पहिला छर्रा दोन बोटं उजवीकडे गेला. दुसराही. प्रज्ञाने माशी निरखून पाहिली आणि मागे वळली. खुर्चीत आबा हसत बसले होते. नव्या डोळ्याला वाकडी माशी दिसली होती. आदल्या दिवशी त्यांनी वेल्ड कापून ती सरळ केली होती, कोणालाही न सांगता.

तिला सगळं कळलं, पण हाताला कळेना. आठ महिन्यांची सवय. दर दुसरा छर्रा उजवीकडे. यादीत नाव आलं नाही.

परतीच्या एस्टीत आबांनी तिच्या कानाशी वाकून विचारलं, "आते छर्रा बराबर जास ना?"

रायफल मांडीवर घट्ट धरून प्रज्ञा म्हणाली, "हां आबा. सगळं सरळ शे."