कपडे कोन धूत होतं?

मी शिकवायचे ती शाळा दिवाळीच्या सुट्टीनंतर उघडलीच नाही, बंदच पडली. मी आईला सांगितलं नाही. रोज सकाळी डबा घेऊन रामाकोन्याहून सौंसरची बस धरायची, ओळखीच्या टायपिंगच्या दुकानात दिवसभर बसायचं आणि संध्याकाळी शिकवून आल्यासारखं घरी परतायचं. थकवा मात्र खरा होता. तीन महिने असं चाललं.

दुकानात बसून मी इंग्रजी माहितीपटांसाठी पडद्याखाली दिसणाऱ्या मराठी ओळी लिहायचे. त्यातला एक दुसऱ्या महायुद्धातल्या इंग्लंडचा होता. जर्मन फौज उतरलीच तर तिच्या पाठीमागे लपून पूल उडवायचे, यासाठी सरकारनं खेड्यांतले शेतकरी गुपचूप निवडले होते. जंगलात जमिनीखाली त्यांची लपायची खोली, वर पाचोळ्यानं झाकलेलं दार. बायकोलाही सांगायचं नाही, असं त्यांच्याकडून लिहून घेतलेलं. फौज कधी आली नाही. माणसं मात्र गप्पच राहिली.

काम उरकेना, म्हणून एका रविवारी मी लॅपटॉप घरी आणला. आई शेजारी तूर निवडत बसली होती.

"काय सांगून राहिला तो म्हातारा?" पडद्यावर बोलणाऱ्या त्या शेतकऱ्याकडे बघत तिनं विचारलं.

"जंगलात खोदकाम करून घरी यायचा म्हणते. बायकोले मरेपर्यंत काही समजलं नाही."

आई हसली. "कपडे कोन धूत होतं त्याचे?"

"बायकोच धूत असन."

"मंग तिले कसं मालूम नसन? एवढी माती कपड्याले. तिनं इचारलं नसन, बस."

मी पुढची ओळ लिहायला घेतली. आई मान खाली घालून खडे वेचत होती. तशीच म्हणाली, "तुह्या बाहीले आता खडू लागून राहत नाही."

माझा हात थांबला. "कधीपासून मालूम आहे तुले?"

"झाले तीन महिने."

"मंग बोलली काहून नाही?"

"तू थकून येत होती. आनखी काय इचारू?"

रडू आलं नाही. भिंतीला पाठ टेकून बसावंसं वाटलं, तशी बसले आणि शाळेचं सगळं तिला सांगून टाकलं.

दुसऱ्या दिवसापासून बसनं जाणं सोडलं. आता घरीच काम करते. शेजारणींनी विचारलं की आई सांगते, पोरगी सुट्टीवर आहे. ते खोडून काढायची ताकद माझ्यात अजून आलेली नाही.